बंदरावर हुकूम कोणाचा?

प्रशांत महासागरातल्या ताहिती, मूरेआ, रायातेआ, बोरा बोरा अशा पॉलिनेशियन बेटांमधून फिरणाऱ्या क्रूझ जहाजांविषयीचा वाद बरीच वर्षे एकाच जागी घुटमळत आहे. दूरच्या समुद्रातल्या सहली मराठी मध्यमवर्गाच्याही आवाक्यात येऊ लागल्याने तो आता आपल्या घरांतही ऐकू येतो. एका बाजूचे म्हणणे असे की, जहाजावरच्या पाहुण्यांसमोर होणारे नाच, गळ्यात घातले जाणारे फुलांचे हार आणि धक्क्यावर वाजणारे ढोल हा सगळा विकाऊ देखावा आहे आणि तो पाहणारा माणूस एका संस्कृतीच्या अवमूल्यनात सहभागी होतो. दुसरी बाजू म्हणते की, खोबरे आणि मासे यांपलीकडे ज्यांच्याकडे विकण्यासारखे फारसे काही नाही, त्यांच्या हाती पैसा याच जहाजांमुळे येतो आणि पर्यटक नसते तर हे नाचही केव्हाच विसरले गेले असते. दोन्ही बाजू तळमळीने बोलतात, पण दोघांचीही नजर पर्यटकावरच खिळलेली आहे. त्याने जे पाहिले ते खरे होते की खोटे, त्याचा पैसा उपकारक की अपायकारक, एवढ्यातच चर्चा संपते. ज्यांच्या बंदरात जहाज शिरते, त्यांना जहाज अडवण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

माझ्या मते या वादातला निर्णायक प्रश्न तोच आहे. किती मोठे जहाज यावे, एका दिवशी किती माणसे उतरावीत, ती कुठे जावीत आणि कुठे जाऊ नयेत, त्यांच्यासमोर काय सादर व्हावे आणि काय मुळीच होऊ नये, हे ठरवणे जिथे बेटावरच्या लोकांच्या हाती आहे, तिथे क्रूझ पर्यटन समर्थनीय ठरू शकते. जिथे ते कंपनीच्या वेळापत्रकाने ठरते, तिथे नाच कितीही अस्सल असला आणि पैसा कितीही आला, तरी तो व्यवहार न्याय्य होत नाही. ही बेटे ज्या फ्रान्सच्या अखत्यारीतल्या स्वायत्त प्रदेशात येतात, त्या फ्रेंच पॉलिनेशियाने 2022 पासून 3,500 हून अधिक प्रवासी वाहणाऱ्या क्रूझ जहाजांना मज्जाव केला आणि बोरा बोरा बेटावर क्रूझमधून उतरणाऱ्यांची संख्या दिवसाला 1,200 वर आणली. बोरा बोराची लोकसंख्या सुमारे 10,000 आहे. मुख्य गाव वैतापे आणि प्रवाळभिंतीतून मोठे जहाज आत शिरू शकेल अशी तेआवानुई ही एकच वाट. अशा ठिकाणी तीन-चार हजार माणसे एका सकाळी उतरली, तर बेट त्या दिवसापुरते बेटवासीयांचे राहत नाही. त्यामुळे हा निर्बंध मला पर्यटनाविरुद्धचा वाटत नाही. यजमानपण टिकवण्यासाठी तो आवश्यक होता.

आता विरोधी बाजूंकडे वळू. संस्कृतीच्या विक्रयाविषयीची तक्रार हलकी नाही. ज्या समाजात नाच हा देवळाच्या, वंशावळीच्या आणि जमिनीच्या स्मरणाशी बांधलेला होता, तिथे तो जेवणाच्या दोन पंगतींच्या मधल्या वेळेत बसवला जातो, तेव्हा काहीतरी नक्कीच गळून पडते. स्वागताचे हास्य रोज द्यावे लागले की ते नोकरीचा भाग बनते. त्यातच या समुद्रात पाहुण्यांच्या कल्पनाविलासाने केलेले नुकसान फार जुने आहे. 1768 मध्ये ताहितीला आलेल्या बोगाँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीने त्या बेटाला ग्रीकांच्या प्रेमदेवतेच्या बेटाचे नाव दिले आणि तेव्हापासून युरोपने ताहितीच्या स्त्रीकडे एका ठरावीक नजरेने पाहिले. तीच नजर पुढे चित्रकार पॉल गोगँनेही जोपासली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना त्याने ‘बायको’ म्हणून ठेवले. आज त्याच समुद्रात त्याच माणसाच्या नावाचे क्रूझ जहाज 1998 पासून फिरते आहे. या नावाविषयी बेटांवरच्या स्त्रियांना काय वाटत असेल, हा प्रश्न विचारणाऱ्या टीकाकाराला मी अतिरेकी म्हणणार नाही.

पण या तक्रारीतून जो निष्कर्ष काढला जातो, म्हणजे प्रेक्षक आला की संस्कृती खोटी झाली, तो इतिहासाला धरून नाही. गोगँ 1891 मध्ये ताहितीला पोहोचला तेव्हाच त्याची तक्रार होती की खरे ताहिती संपले आहे, इथे सगळीकडे युरोपच दिसतो. त्या निराशेतच तो पुढे मार्केसास बेटांवर गेला आणि 1903 मध्ये हिवा ओआ बेटावर मरण पावला. म्हणजे ‘खरे ते संपले’ हा विलाप निदान सव्वाशे वर्षे जुना आहे आणि दर पिढीला नवा पाहुणा येऊन तो पुन्हा करतो. दरम्यान बेटवासीयांनी काय केले? पोर्तुगालच्या मादेइरा बेटावरून ऊसमळ्यांवर आलेल्या मजुरांनी 1879 मध्ये हवाईला आणलेले छोटे तंतुवाद्य त्यांनी आपलेसे केले, तेच युकुलेले. मिशनऱ्यांच्या बायकांनी शिकवलेल्या शिवणकामातून तिफाइफाइ नावाच्या भव्य गोधड्या घडवल्या. त्या आता लग्नात वधूवरांना पांघरल्या जातात. युरोपात छापलेले सुती कापड कमरेला गुंडाळून त्याचा पारेउ केला. यातले परके म्हणून काय वगळायचे, आणि ते ठरवायचे कोणी? मुंबईहून किंवा पॅरिसहून आलेल्या पाहुण्याने?

नाचाचा इतिहास तर या बाबतीत डोळे उघडणारा आहे. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली आलेल्या 1819 च्या पोमारे राजाच्या कायदेसंहितेपासून ताहितीत पारंपरिक नाच निषिद्ध ठरला. तो सार्वजनिक जागेत परतला तो 1881 पासून, फ्रेंच राष्ट्रीय दिनाच्या जुलै महिन्यातल्या उत्सवात, म्हणजे वसाहतीच्या मालकांनी स्वतःच्या करमणुकीसाठी दिलेल्या सवलतीत. त्यानंतरही तो सभ्य घरांतल्या मुलींनी करण्याचा प्रकार मानला जात नव्हता. मादलेन मुआ या माजी शिक्षिकेने 1956 मध्ये पहिला व्यावसायिक नृत्यसंघ उभारला, वेशभूषा आणि रचना यांना शिस्त लावली आणि ताहितीयन आईबापांच्या मनातली ती अढी सैल केली. जुलैच्या त्या उत्सवाला 1985 मध्ये ‘हेइवा’ हे ताहितीयन नाव मिळाले. हवाईतही असेच घडले. राणी काआहुमानूने 1830 मध्ये हुला या पारंपरिक नाचाच्या जाहीर प्रयोगांवर बंदी आणली, राजा कालाकाउआने 1883 च्या राज्याभिषेकसोहळ्यात तो पुन्हा सन्मानाने सादर करवला. आज हुलाची सर्वांत कडक स्पर्धा जिथे होते, तो हिलो गावातला मेरी मोनार्क महोत्सव मुळात 1960 च्या त्सुनामीने खचलेल्या गावात पाहुणे यावेत, म्हणून सुरू झालेला होता. काही वर्षांनी, 1971 मध्ये, त्यात हुलाची स्पर्धा आली, हुलाच्या गुरूंनी आणि जाणकारांनी तो घडवला आणि पर्यटकांसाठी आखलेल्या उत्सवाचा दर्जा हवाईच्या लोकांच्या कसोटीवर तोलला जाऊ लागला.

प्रेक्षकाच्या असण्याने नाच मरत नाही. नाचणाऱ्याने चूक केली तर ती ओळखणारा माणूस समोर बसलेला आहे की नाही, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. ताहितीची राजधानी पापीते इथल्या हेइवात समोर बसलेल्या शेकडो ताहितीयनांना ओतेआ या ढोलाच्या ठेक्यावरच्या समूहनाचाचा ताल कुठे चुकला ते कळते. जहाजाच्या सभागृहात ते कोणालाच कळत नाही. गोव्यात मांडवीवर संध्याकाळी फिरणाऱ्या बोटींवर देखणी आणि फुगडी पाहणाऱ्यांनी हा फरक अनुभवलेला असेल. शिगम्यात गावच्या मांडावर, म्हणजे नाचगाण्याच्या पवित्र जागेवर, जे घडते आणि बोटीवर जे घडते, त्यांत पावले तीच असली तरी जाब विचारणारा वेगळा असतो. मात्र मांड शाबूत असेल तर बोटीवरच्या प्रयोगाने फारसे बिघडत नाही. मांड उजाड झाला आणि बोट तेवढी उरली, तर प्रश्न गंभीर होतो. म्हणून बेटांवरच्या नृत्यसंघांना वर्षातला किती काळ स्वतःच्या सरावासाठी आणि स्वतःच्या उत्सवासाठी राखता येतो, हे जहाजावरचा प्रयोग अस्सल होता का, यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. तो काळ राखायचा तर वेळापत्रकावर त्यांची सत्ता हवी.

आता दुसरी बाजू, पोटापाण्याची. तिचेही बळ मान्य केले पाहिजे. फ्रेंच पॉलिनेशियाची लोकसंख्या तीन लाखांच्या आत आणि ती ज्या समुद्रात विखुरलेली आहे त्याचे क्षेत्र सुमारे 50 लाख चौरस किलोमीटर. फ्रान्सने 1966 ते 1996 या काळात मोरुरोआ आणि फांगाताउफा या प्रवाळद्वीपांवर 193 अणुचाचण्या केल्या. त्या काळात अर्थव्यवस्था लष्करी खर्चावर फुगली, शेती आणि मासेमारी सोडून माणसे पापीतेला आली आणि चाचण्या थांबल्यावर पुढे काय, हा प्रश्न मागे राहिला. किरणोत्साराने भाजलेल्या शरीरांचा हिशेब आजही पुरता चुकता झालेला नाही. अशा देशाला ‘पर्यटन नको’ असा उपदेश दुरून करणे मला अनुचित वाटते. मार्केसास बेटे ताहितीपासून सुमारे 1,400 किलोमीटर दूर आहेत. तिथे 1980 च्या दशकापासून ‘आरानुई’ नावाची जहाजे एकाच फेरीत माल आणि पर्यटक दोन्ही नेत आली आहेत. सिमेंट, इंधन, वाणसामान उतरते, खोबऱ्याची पोती चढतात आणि त्याच धक्क्यावर लाकूड कोरणारे कारागीर आपल्या वस्तू थेट पाहुण्यांना विकतात. फातू हिवा बेटावरच्या बाया झाडाची साल कुटून तापा हे कापड करतात. आपल्याकडे कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात त्याची सालही त्यासाठी वापरतात. या कापडाला गिऱ्हाईक मिळते ते बरेचसे जहाजामुळेच. हे जहाज उद्या थांबले तर गावाचे नुकसान होईल, पर्यटकाचे नाही.

परंतु हाच दाखला नीट पाहिला तर तो सरसकट सगळ्या क्रूझची बाजू घेत नाही. आरानुईची गरज बेटाला आधी आहे आणि प्रवाशाला नंतर, कारण माल उतरेपर्यंत पाहुण्यांना थांबावे लागते. महाकाय क्रूझ जहाजाचे गणित याच्या उलट चालते. प्रवासी तिथेच झोपतो, तिथेच जेवतो, तिथेच खरेदी करतो, आणि बेटाच्या वाट्याला काही तासांची गर्दी येते. शिवाय जहाज हे चालते भांडवल आहे. हॉटेल उचलून नेता येत नाही, जहाज नेता येते. 1990 च्या दशकाच्या अखेरीस रेनेसाँ क्रूझेस या कंपनीने ताहितीत दोन जहाजे आणली होती. सप्टेंबर 2001 मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि जहाजे बंदरात अडकून पडली. ज्यांनी त्या जहाजांच्या भरवशावर बसगाड्या घेतल्या, दुकाने थाटली, त्यांच्यापैकी कोणाला त्या कंपनीच्या जमाखर्चात काही बोलण्याचा हक्क होता? ज्या उत्पन्नावर आपला काहीच ताबा नाही त्याला उपजीविका म्हणणे हे निम्मेच सत्य आहे.

‘पर्यटनाने संस्कृती वाचवली’ हा दावाही तितकाच अर्धा आहे, आणि त्याचा पुरावा नौकानयनात सापडतो. पॉलिनेशियन लोक जगातले थोर दर्यावर्दी. दोन सांगाड्यांच्या जोडनावा आणि उलांडी लावलेल्या होड्या घेऊन ते हवाई, रापा नुई (ईस्टर बेट) आणि न्यूझीलंड या तीन टोकांमधला अफाट समुद्र तारे, लाटा आणि पक्षी यांच्या आधाराने ओलांडत असत. रायातेआचा पुरोहित आणि खलाशी तुपाइआ 1769 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कूकच्या जहाजावर चढला, 70 हून अधिक बेटांचा नकाशा त्याच्या माहितीतून तयार झाला आणि न्यूझीलंडच्या माओरींशी बोलणी त्यानेच केली. पुढच्या फेरीत कूक परत आला तेव्हा माओरींनी आधी तुपाइआची चौकशी केली. असे ज्ञान विसाव्या शतकात हवाईत जवळजवळ नाहीसे झाले होते, आणि पर्यटकांनी गजबजलेल्या हवाईतही कोणत्याही रंगमंचाने ते वाचवले नाही, कारण महिनाभर उघड्या नावेत तारे वाचत बसण्याचा प्रयोग कोणी तिकीट काढून पाहत नाही. 1976 मध्ये होकुलेआ ही जोडनाव हवाईहून ताहितीला नेली गेली, तेव्हा वाट दाखवायला मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटावरून माउ पिआइलुग यांना बोलवावे लागले. त्यांनी होकायंत्राशिवाय सुमारे 4,000 किलोमीटर नाव नेली आणि पापीतेच्या किनाऱ्यावर हजारोंचा जनसमुदाय लोटला. त्यांच्याकडून प्रेरणा घेऊन नाइनोआ टॉमसन यांनी 1980 मध्ये तोच प्रवास स्वतः करून दाखवला. बाजार जे विकत घेतो तेवढेच वाचवतो. उरलेले वाचवायचे तर समाजाकडे वेळ, पैसा आणि स्वतःचा निर्धार असावा लागतो. पर्यटनाचा पैसा त्या कामी लागू शकतो, पण आपोआप लागत नाही.

बंदरावर हुकूम कोणाचा, या प्रश्नाला मी एवढे महत्त्व का देतो, ते कळण्यासाठी 1918 सालाकडे पाहावे. त्या वर्षी 7 नोव्हेंबरला ‘तालुने’ हे जहाज न्यूझीलंडहून सामोआच्या आपिया बंदरात आले. जहाजावर इन्फ्लुएन्झाचे रुग्ण होते. बेटांचा कारभार न्यूझीलंडच्या लष्करी प्रशासनाकडे होता आणि त्याने जहाज रोखले नाही. पुढच्या काही आठवड्यांत पश्चिम सामोआतली सुमारे 8,500 माणसे, म्हणजे लोकसंख्येचा पाचवा हिस्सा, मृत्युमुखी पडली. तिथून जेमतेम शंभर किलोमीटरवर अमेरिकन सामोआ आहे. तिथल्या गव्हर्नरने बाहेरून येणाऱ्या जहाजांना आणि माणसांना विलग ठेवले, किनाऱ्यावर सामोअन पहारे बसले आणि त्या साथीत तिथे एकही बळी गेला नाही. हा गव्हर्नरही परका, अमेरिकन नौदलाचा अधिकारी होता, हे मी विसरलेलो नाही. म्हणजे बंदर बंद ठेवण्याची सत्ता असली की जीव वाचतात, एवढे यातून सिद्ध होते. ती सत्ता परक्याच्या मर्जीवर सोडणे किती धोक्याचे असते, ते आपियाने दाखवले. न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी 2002 मध्ये सामोआची जाहीर माफी मागितली, तेव्हा त्या साथीला 84 वर्षे लोटली होती.

प्रवेशावर बंधन घालणे ही पॉलिनेशियाला बाहेरून शिकावी लागलेली गोष्ट नाही. राहुई या प्रथेत खाडीचा, खडकाचा किंवा पिकाचा ठरावीक भाग ठरावीक काळ वर्ज्य ठरवला जातो, मासळी वाढू दिली जाते आणि मुदत संपल्यावर तो मोकळा होतो. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ठेवणाऱ्या आपल्या कोळ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. मासळीसाठी जो न्याय, तोच पाहुण्यांच्या संख्येसाठी का नसावा? ताहितीच्या तेआहुपोओ गावात 2024 च्या ऑलिंपिकमधील सर्फिंग स्पर्धेसाठी प्रवाळात नवा मोठा ॲल्युमिनियमचा मनोरा उभारायचे ठरले, तेव्हा गावकऱ्यांनी आणि सर्फरांनी जोरदार विरोध केला. स्पर्धा रद्द झाली नाही, पण मनोरा लहान आणि हलका करावा लागला. पाहुण्यांना हाकलायचे नव्हते. आपल्या घरात काय बांधले जावे हे आपल्याला विचारूनच ठरावे, एवढीच त्या लोकांची मागणी होती.

या भूमिकेवरचा सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ‘बेटावरचे लोक’ म्हणजे नेमके कोण? धक्क्याजवळ टॅक्सी चालवणाऱ्याला जास्त जहाजे हवी असतात, लगूनमध्ये जाळे टाकणाऱ्याला कमी, आणि पापीतेत बसलेल्या सरकारचे हित दूरच्या द्वीपसमूहातल्या गावाशी जुळेलच असे नाही. हे खरे आहे. पण हितसंबंध भिन्न असणे हे प्रत्येक गावाचे, आपल्या ग्रामपंचायतीचेही वास्तव आहे. त्यावरून तिथल्या लोकांनी निर्णयच घेऊ नये असे ठरत नाही. उलट, टॅक्सीवाला आणि कोळी यांचे भांडण त्यांच्या नगरपालिकेच्या सभेत व्हावे, दूरच्या कंपनीच्या कार्यालयात नव्हे, हेच माझे म्हणणे आहे. रापा नुईवर 2017 पासून राष्ट्रीय उद्यानाचा कारभार तिथल्या मूळ रहिवाशांच्या माउ हेनुआ या संस्थेकडे आला. पुढच्याच वर्षी बाहेरच्यांच्या मुक्कामाची मर्यादा 90 दिवसांवरून 30 दिवसांवर आणली गेली. या व्यवस्थेतही मतभेद आहेत, पण ते आता त्या बेटाचे स्वतःचे मतभेद आहेत.

हवामानाचा आक्षेप मात्र मी या युक्तिवादात विरघळवू शकत नाही. मोठी जहाजे आणि तिथवर नेणारी विमाने जो धूर ओकतात, त्याने तापणाऱ्या समुद्राची पहिली झळ तुआमोतूसारख्या सखल प्रवाळद्वीपांना बसणार आहे. लहान जहाज आणि स्थानिक परवानगी यांनी हा दोष कमी होईल, नाहीसा होणार नाही. हॉटेलात उतरणारा पर्यटकही विमानानेच येतो, म्हणून केवळ क्रूझवाल्याला दोषी धरणे अन्यायाचे होईल. पण ‘जाऊच नये’ असे म्हणणाऱ्याशी या एका मुद्द्यावर मी वाद घालणार नाही.

जे जाणार आहेत त्यांच्यापुरते मात्र काही स्पष्ट बोलता येईल. सहल आखणाऱ्या आपल्या कंपन्या जहाजावरच्या खोल्यांचे आणि जेवणाचे तपशील पानभर देतात. त्यांच्याकडे जहाजाची प्रवासीसंख्या, कोणत्या बेटावर ते किती तास थांबते, धक्क्यावरच्या नृत्यसंघाशी करार कोणाचा आहे आणि बंदराचे शुल्क कोणत्या नगरपालिकेला मिळते, हेही मागितले पाहिजे. हे प्रश्न पैसे भरण्याआधी विचारले गेले तरच त्यांना वजन येते. बोरा बोराची 1,200 ची मर्यादा पाळून आखलेला मार्ग आणि ती टाळण्यासाठी नियम नसलेल्या शेजारच्या बेटाकडे वळवलेला मार्ग यांत फरक आहे. म्हणून एका बेटावरची मर्यादा पुरेशी नाही. मूरेआ, हुआहिने, रायातेआ यांनाही आपापला आकडा स्वतः ठरवण्याचा अधिकार असला पाहिजे. रायातेआवर तापुतापुआतेआ हे पॉलिनेशियाभर पूज्य मानले गेलेले प्राचीन देवस्थान आहे आणि 2017 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. तिथल्या दगडी चौथऱ्यांपाशी एका वेळी किती परक्यांनी उभे राहावे, आणि वर्षातल्या कोणत्या दिवशी कोणीच येऊ नये, याचा निकाल ते देवस्थान जिथे आहे त्या ओपोआच्या गावकऱ्यांनी द्यावा आणि जहाजाने आपला दिवस त्याप्रमाणे बदलावा.